डाळ पातळ आहे म्हणतात ना? मग बोलू द्या त्यांना

पत्र :

माझे यजमान सैन्यात हवालदार आहेत. पलटण सध्या पश्चिम सीमेवर आहे. तणाव वाढल्यापासून सुट्ट्या बंद झाल्या आणि मंजूर झालेली त्यांची सुट्टीही रद्द झाली. फोन लागला की पहिली पाच मिनिटं तक्रारीच असतात. डाळ पातळ आहे, पाणी गार आहे, झोप नाही, अमुक साहेब ऐकून घेत नाहीत. सासूबाई म्हणतात, ‘त्याला बोलू देऊ नकोस, बोलून बोलून माणूस खचतो. आणि घरचंही काही सांगू नकोस.’ म्हणून मी ‘सगळं ठीक आहे’ म्हणते. खरं तर चुलत दिरांनी बांध कोरून आमच्या बाजूला हात-दीड हात आत घेतलाय, धाकट्याला आठ दिवसांपासून ताप येतोय-जातोय. परवा पुतण्यानं ह्यांचा फोन स्पीकरवर असताना रेकॉर्ड केला आणि ‘काकूऽ, हे टाकू या, लोकांना कळू दे’ म्हणतोय. गावात दोन बायका ‘तुमचे फौजी फार रडतात बाई’ असंही म्हणाल्या. ह्यांचं मन खचलंय का? मी त्यांना थांबवू का? घरचं सांगू का? आणि ते रेकॉर्डिंग?

– एक सैनिकपत्नी, जि. सातारा

उत्तर :

ताई, आधी रेकॉर्डिंग. आज रात्रीच पुतण्याच्या फोनमधून ते काढून टाकायला लावा. गॅलरीतून, ‘अलीकडे हटवलेले’मधून आणि कुणाला पाठवलं असेल तर तिथूनही. कारणं पुढे येतील, पण उत्तर वाचून होईपर्यंत थांबू नका.

आता यजमानांबद्दल. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींवरून ते खचलेत असं दिसत नाही. डाळ, पाणी, झोप, साहेब या चार गोष्टींवर कुरकुर न करणारी पलटण जगात शोधून सापडायची नाही. लंगरची, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराची, डाळ ही तर तक्रारीची हक्काची जागा. सासूबाईंची माया खरी आहे, पण हा उपाय मोठमोठ्या सरकारांनी करून पाहिलेला आहे. 1940 च्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारनं ‘सायलेंट कॉलम’ नावाची मोहीम काढली होती. अफवा पसरवणाऱ्याला आणि निराशेचं बोलणाऱ्याला चारचौघांत गप्प करा, असा तिचा उपदेश होता. लोक इतके चिडले की त्याच महिन्यात चर्चिलना ती गुंडाळावी लागली. आपल्याकडचं उदाहरण त्याही आधीचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचायचे. म्हणून शिपाई हिंदी सैनिकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणून लिहायला लागले. काळी मिरी संपत आली, असं घरी कळवायचे. गप्प केलं तर तक्रार थांबत नाही, आडवाटेनं जाते. तुमच्याशी बोलायचं थांबले तर ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलतील, किंवा कुणाशीच बोलणार नाहीत. यातलं दुसरं जास्त वाईट.

तेव्हा थांबवू नका, पण कान देऊन ऐका. डाळ पातळ आहे, एवढंच असेल तर सोडून द्या. डाळ फक्त आपलीच पातळ आहे, असं म्हणत असतील तर सावध व्हा. माणूस कमी खाऊन लढतो, पण शेजारचा जास्त खातोय हे त्याला सोसत नाही. 1943 मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जनरल स्लिमनं ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेची सूत्रं घेतली. पुढची तुकडी अर्ध्या रेशनवर आली की तो स्वतःचं मुख्यालयही अर्ध्या रेशनवर ठेवायचा. त्यानं पुढच्या माणसाला एक घासही जास्त मिळत नव्हता. पण रसद पाठवणाऱ्या साहेबांच्याच पोटात कावळे ओरडू लागल्यावर ती वाढवायची घाई कुणाला होत असेल, हे सांगायला नको.

दुसरं, तक्रारीत ‘आम्ही’ आहे की ‘मी’, ते ऐका. ‘आम्हाला झोप नाही’ म्हणणारा माणूस अजून सेक्शनमध्ये, सोबत्यांत आहे. मधेच हसतोय, लंगरच्या कुकची नक्कल करतोय, शेवटी धाकट्याचा अभ्यास विचारतोय, तर ठीक आहे. तिसरं, तक्रार तब्येतीची आहे का? ‘भाजी बेचव आहे’ आणि ‘पंधरा दिवस ताजी भाजी नाही, हिरड्यांतून रक्त येतंय’ यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. 1915-16 मध्ये इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात पूना डिव्हिजन अडकली होती, त्यात मराठा पलटणीही होत्या. तिथं ताज्या भाजीअभावी हिंदी सैनिकांत स्कर्व्ही पसरली. अशी तक्रार आली तर ‘सोसा’ म्हणू नका. ‘आजच आरएमओ साहेबांना (पलटणीच्या डॉक्टरांना) दाखवा आणि काय म्हणाले ते मला सांगा’ असं म्हणा.

काळजी कधी करायची, तेही स्पष्ट सांगतो. रोज कुरकुरणारा माणूस अचानक तक्रारच करायचा थांबला, ‘हं’, ‘ठीक’, ‘बघू’ एवढंच बोलू लागला. ‘माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही’ असं म्हणाला. निमित्त नसताना बँकेचा पिन, विम्याचे कागद, कुणाचं किती देणं हे सांगायला लागला. किंवा एकाच माणसाचं नाव घेऊन ‘एक दिवस त्याला दाखवतो’ म्हणाला. शेवटच्या दोन गोष्टींत तर रात्र जाऊ देऊ नका, कारण त्यांच्या हातात हत्यार असतं. कंपनीच्या सीनियर जेसीओ साहेबांना, म्हणजे सुभेदार साहेबांना, फोन करा आणि जे ऐकलं ते शब्दशः सांगा. ‘त्यांना शिक्षा होईल’ या भीतीनं बायका गप्प बसतात, पण असा माणूस काही दिवस हत्याराच्या ड्युटीवरून काढून डॉक्टरांकडे पाठवणं ही पलटणीची नेहमीची रीत आहे. त्यासाठी तीन नंबर आत्ताच यजमानांकडून घेऊन कागदावर लिहून ठेवा : कंपनीचे सीनियर जेसीओ, कंपनी कमांडर, आणि पलटणीच्या कायमच्या ठाण्यावर मागे राहिलेली रिअर पार्टी. सीमेवरचे फोन बंद असले तरी रिअर पार्टीचा लागतो. शिवाय 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. सैन्यातल्या लोकांसाठी आणि कुटुंबांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात) आहे. तो नंबर तुमच्यासाठीही आहे, फक्त त्यांच्यासाठी नाही.

साहेब ऐकून घेत नाहीत, या तक्रारीला मात्र रस्ता आहे आणि तो यजमानांना तुमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. आधी तोंडी, सेक्शन-प्लाटूनमध्ये. मग सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) आणि सीनियर जेसीओ. मग अर्जी, म्हणजे कंपनी कमांडरची रीतसर मुलाखत. सगळ्यांना लागू असलेली गोष्ट असेल तर सीओ साहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरच्या, दरबारात. सेना अधिनियम 1950 चं कलम 26 अधिकारी नसलेल्या सैनिकाला हा हक्क देतं : वरिष्ठाकडून अन्याय झाला तर कंपनी कमांडरकडे तक्रार करायची, आणि तक्रार त्या कमांडरविरुद्धच असेल तर त्याच्या वरच्याकडे. ज्याच्याकडे तक्रार येईल त्यानं पूर्ण चौकशी करायची, हेही त्याच कलमात आहे. पगार, बढती, पेन्शन अशा सेवेच्या बाबींत हे सगळे मार्ग संपल्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

हा रस्ता फसतो तो ठरलेल्या चुकांनी. एका अर्जात सात तक्रारी घालतात, मग त्यातली सर्वात फुसकी उचलून बाकीच्या निकालात निघतात. म्हणून एक अर्ज, एक गोष्ट. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे शब्द घालतात. त्याऐवजी तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं, आणि काय हवंय ते एका ओळीत. शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात. आणि चार सोबती मिळून एका कागदावर सह्या करतात. गावात सह्यांचं निवेदन म्हणजे वजन, लष्करात ती बेशिस्त. ज्याची तक्रार त्यानं एकट्यानं करावी.

यावरून रेकॉर्डिंगकडे. जानेवारी 2017 मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानानं जेवणाचा व्हिडिओ टाकला, देशभर गाजला. एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. तक्रार खरी की खोटी हा प्रश्न तिथं मागे पडतो आणि नियम मोडला एवढंच पुढे राहतं. तुमच्या यजमानांना सेना अधिनियमाखालचे नियम लागू आहेत : सेवेसंबंधीचा मजकूर परवानगीशिवाय बाहेर प्रसिद्ध करता येत नाही. पुतण्यानं टाकलं तरी आवाज त्यांचा, नाव त्यांचं. त्यात ‘इकडे थंडी वाढली’, ‘परवा पुढे जायचंय’ असं एखादं वाक्य असेल तर ऐकणाऱ्याला जागा आणि हालचाल दोन्ही कळतात. पुतण्याला ओरडू नका, त्याचं काकावर प्रेम आहे. त्याला काम द्या, खाली दोन आहेत.

घरचं सांगायचं का? सांगायचं. तुम्ही लपवलं तरी बांधाची बातमी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून किंवा सुट्टीवरून परतलेल्या शेजारच्या गावच्या फौजीकडून पोचतेच, आणि ती तिखटमीठ लावून. मग तुमच्या प्रत्येक ‘सगळं ठीक आहे’वरचा त्यांचा विश्वास उडतो, धाकटा खरोखर बरा असतानाही. फक्त सांगायची पद्धत ठेवा. फोन उचलल्यावर आधी विचारा, ‘ड्युटी कधी आहे?’ तासाभरात पहाऱ्यावर जायचं असेल तर त्या दिवशी बांध नको. वेळ असेल तर आधी मिटलेलं सांगा, मग एकच अडचण. ती सांगताना तिच्यासोबत तुम्ही काय केलं आणि त्यांच्याकडून काय हवं, हे दोन्ही सांगा. ‘धाकट्याला ताप आहे’ ऐकून सीमेवरचा बाप काय करणार? ‘आठ दिवस ताप येतोय-जातोय, काल 101 होता, रक्त तपासायला दिलंय, रिपोर्ट उद्या, परवा याच वेळी सांगते’ हे ऐकून तो झोपू शकतो. (आठ दिवसांचा ताप आहे, ताई. रक्त अजून तपासलं नसेल तर उद्या सकाळी हे पहिलं काम.)

लांबचं, गुंतागुंतीचं पत्रात लिहा. आंतरदेशीय पत्र अजून मिळतं. पत्रं उलटसुलट क्रमानं पोचतात, म्हणून वरच्या कोपऱ्यात क्रमांक आणि तारीख घाला. नाहीतर ‘ताप उतरला’ आधी आणि ‘ताप आला’ नंतर, असा घोळ होतो. पत्त्यावर क्रमांक, हुद्दा, नाव, कंपनी, युनिट, ‘द्वारा 56 एपीओ’ (लष्करी टपाल कार्यालय) आणि त्यांनी दिलेला 9 नं सुरू होणारा पिन. गावाचं, सेक्टरचं नाव लिहायचं नाही. खासगी कुरिअर एपीओला जात नाही, टपालच.

आणि डाळ पातळ आहे ना, तर तिच्यावर इलाज पाठवा. सेक्शन दहा जणांची असते. पाव किलो चटणी एका बैठकीत संपते आणि मग ‘ह्याला एकट्याला आली’ होतं. एक किलो पाठवा. शेंगदाणे 750 ग्रॅम, सोललेला लसूण 100 ग्रॅम, लाल तिखट 75 ग्रॅम, मीठ 45 ग्रॅम, जिरे 20 ग्रॅम. शेंगदाणे मंद आचेवर सावकाश भाजून सालं काढा. लसूण दोन चमचे तेलात अगदी कुरकुरीत होईपर्यंत परता. त्यात ओल राहिली तर आठव्या दिवशी वास येतो. सगळं पूर्ण गार झाल्यावरच भरड वाटा, कोमट वाटलं की तेल सुटून गोळा होतो. सुकं खोबरं घालू नका, ते लवकर खवट होतं. कच्चा कांदा तर नकोच. पाव किलोच्या चार पिशव्या करा, प्रत्येकीला दुहेरी प्लास्टिक, चारही एका डब्यात, डब्यावर कापड शिवून पत्ता कापडावर. तेलातलं लोणचं नको, गळलं की दुसऱ्यांची पत्रंही भिजवतं. पोचायला पंधरवडा धरा, तणावात जास्तही लागेल.

आता बांध. खरं सांगायचं तर पत्रातली सगळ्यात गंभीर तक्रार हीच आहे, आणि ती तुम्ही एका ओळीत उरकलीत. फौजी घरी नाही, ही संधी साधून भाऊबंदांनी बांध कोरणं हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. इथं भांडत बसू नका, कागद करा. पुतण्याचं पहिलं काम : बांधाचे फोटो, दोन्ही टोकांकडून, जवळची विहीर किंवा झाड दिसेल असे, तारखेसह. दुसरं काम : ताजा सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा काढून आणणं. मग तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज. सातबारा यजमानांच्या नावावर असेल तर त्यांनी सही केलेलं अधिकारपत्र टपालानं मागवून घ्या. मोजणीत अतिक्रमण निघालं, तर ताबा गेल्यापासून 6 महिन्यांच्या आत मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मोजणीच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, म्हणून हे सहा महिने आजपासून मोजू नका, बांध कोरला त्या दिवसापासून मोजा. मोजणी लांबली तर तिची वाट न पाहता आधी तहसीलदारांकडे जा.

त्याच वेळी यजमानांनी सीओ साहेबांच्या नावे अर्ज द्यावा : गट नंबर, गाव, तालुका, कुणी, कधी, किती. पलटणीकडून जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना पत्र जातं. त्याची प्रत घेऊन तुम्ही साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पाठपुरावा करणं हे त्यांचं काम आहे, पण आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नका. उद्या दिरांनी कोर्टात दावा लावला आणि यजमानांना तारखेला येता आलं नाही तर घाबरू नका. 1925 चा भारतीय सैनिक (वाद) अधिनियम अशाच वेळेसाठी आहे. सैनिक युद्धजन्य परिस्थितीत तैनात असल्याचं कळवलं गेलं की कोर्टाला दावा थांबवून ठेवता येतो, त्याच्यामागे एकतर्फी निकाल लागू नये म्हणून. तुमच्या वकिलाला हा कायदा ठाऊक नसण्याची शक्यता बरीच आहे, तुम्ही सांगा.

सुट्टीसाठी एक गोष्ट करू नका. ‘आई सिरियस, ताबडतोब या’ असा खोटा निरोप. पलटण पोलिसांकडून किंवा सैनिक कल्याण कार्यालयाकडून खात्री करून घेते, आणि एकदा खोटं निघालं की पुढे खरंच आई आजारी पडली तरी कुणी मानत नाही. हवालदाराला वर्षाची 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस किरकोळ रजा असते, तणावात ती थांबते. रद्द झालेल्या सुट्टीचा अर्ज पुन्हा आत घालून ठेवायला सांगा. सुट्ट्या उघडल्या की नंबर लागताना तो कामाला येतो. धाकट्याचा रिपोर्ट वाईट आला तर डॉक्टरांचा कागद लगेच रिअर पार्टीला पाठवा. त्यावर मिळणारी सुट्टी वेगळी आणि ती तणावातही विचारात घेतात.

सासूबाईंना एकच सांगा : रात्री बारापर्यंत टीव्ही नको. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांत ‘एटीएम दोन-तीन दिवस बंद’ पासून ‘हजिरा बंदरावर हल्ला’ पर्यंत काय काय फिरलं आणि पीआयबीनं (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं) ते खोटं असल्याचं जाहीर केलं. सकाळी एक बातमीपत्र, संध्याकाळी एक, पुरे. आणि टीव्हीवर ऐकलेलं फोनवर त्यांना विचारायचं नाही. ते सांगू शकत नाहीत, आणि ‘नाही माहीत’ म्हणाले की सासूबाईंना वाटतं लपवतोय.

त्या दोन बायकांना उत्तर द्यायची गरज नाही. पण तुमच्या तक्रारी ऐकायला मात्र कुणीतरी हवं, आणि ते पाणवठ्यावर नको. तालुक्यात तुमच्यासारखी एक तरी फौजीची बायको शोधा, जिचा नवरा दुसऱ्या पलटणीत असेल. त्याच पलटणीतली असली तर तुमचं बोलणं चार दिवसांत सीमेवर पोचतं. आठवड्यातून एकदा तिच्याकडे जा आणि अर्धा तास यजमानांची, सासूबाईंची, दिरांची, सगळ्यांची मनसोक्त कुरकुर करा. तिचीही ऐका. सैनिक कल्याण कार्यालयात गेलात की बाकावर बसलेल्या बायकांतच ती सापडेल.